बोट कुठं, बाण कुठं

एलोजीमामा माणसाला भेटला की नमस्कार करायचा नाही, बोट मागायचा. "आधी बोट दाखव," म्हणायचा, आणि तुम्ही काही विचारायच्या आत तुमच्या उजव्या हाताची तर्जनी त्याच्या मुठीत गेलेली असायची. मग तो ती उलटीपालटी करून बघणार, पेर दाबणार, नख तपासणार आणि बाजारात दुधी पारखून घ्यावा तसा निकाल देणार. "जाड हाय. तू ठरवल्यापेक्षा खाली दाबणार." किंवा, "नख काप. काचेला नख चालत नाय." पोस्टमनचं बोट त्याने असंच धरलं होतं, पेणच्या स्टेशनमास्तरांचंही धरलं होतं आणि माझ्या लग्नात आहेराच्या रांगेत उभं राहून नव्या नवरीचंही धरलं होतं. माझ्या सासरच्यांना वाटलं, हे आमच्याकडचे ज्योतिषी. बायकोला त्याने सांगितलं, "तुझं बोट सरळ पडतं गो. संसार बरा व्हईल." मग ज्योतिषीच की.

हा माझा सख्खा मामा नव्हे. माझ्या आईचं माहेर जित्याजवळचं, आणि आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामा असतो, त्यातून सुटका नाही. त्या गावातलं शेवटचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर एलोजीमामाचं. एके काळी त्यांची पाच-सहा घरं होती, तेलाचे घाणे होते, आणि शनिवारी घाण्याला हात लावत नाहीत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मग एकेक घर उठून इस्रायलला गेलं. मागे राहिला हा बिनलग्नाचा मामा आणि त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, विधवा होऊन माहेरी परतलेली त्याची बहीण, राहेलमावशी. आई लवकर गेल्यामुळे मामाला तिनेच वाढवलेलं. तो तिला बाय म्हणायचा.

आम्ही दोघं रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. तो तीस वर्षांचा मुरलेला, मी ताजा डिप्लोमावाला. सकाळच्या पॅसेंजरला तो जित्याला चढायचा, मी पेणला. खिडकीत माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलेला असायचा आणि रोहा येईपर्यंत माझी शिकवणी चालायची. मीटरचा काटा खोटं बोलत नाही, मीटर लावणारा बोलतो, हे मी कॉलेजात नाही शिकलो, नागोठण्याच्या अलीकडे शिकलो.

कंपनीत परदेशातून एक पॅनल आलं, बोटाने चालणारं. बटणं नाहीत, दांडे नाहीत, नुसती काच. चित्रातल्या पंपावर बोट टेकवा, पंप चालू. आम्ही सगळे खुळ्यासारखे बघत राहिलो. पण दोन पावसाळे गेले आणि काच बिनसली. ऑपरेटर पंपावर बोट ठेवायचा आणि पडद्यावरचा बाण जाऊन बसायचा शेजारच्या टाकीवर. साहेब ऑपरेटरवर ओरडले. मामा मात्र काचेसमोर मांडी घालून बसला, तासभर नुसता बोट टेकवत आणि उचलत राहिला, आणि उठून म्हणाला, "माणूस बरोबर हाय. बोट कुठं, बाण कुठं, असं झालंय."

झालं. त्या दिवसापासून हे त्याचं पालुपद. प्रमोशन भलत्यालाच मिळालं, "बोट कुठं, बाण कुठं." मुलगी बघायला गेलेल्या दोस्ताला तिची थोरली बहीण आवडली, "बोट कुठं, बाण कुठं." वडखळला अलिबागच्या गाडीऐवजी गोव्याच्या गाडीत बसून मी कोलाडपर्यंत गेलो तेव्हा तर त्याने अख्खा आठवडा ते मला ऐकवलं.

कंपनीने ते पॅनल काढून नवं बसवलं आणि जुनी काच स्टोअरमध्ये धूळ खात पडली. त्याच साली मामा निवृत्त झाला. हार झाला, सामोसे झाले, साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. मामाने ते परत साहेबांच्या हातात दिलं. "साहेब, वेळ मला गाडीवरून कळते. मला स्टोअरमधली ती काच द्या." सगळा हॉल हसला. साहेबांना वाटलं थट्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथल्या तिथे चिठ्ठीवर सही केली. वर एक मोडीत काढलेला कॉम्प्युटरही दिला, काच नेतोयस तर हेही ने म्हणून.

आम्ही दोघांनी मिळून ती काच पॅसेंजरच्या बाकावर ठेवून नेली. शेजारची कोळीण म्हणाली, "टीवी नेतास व्हय?" मामा म्हणाला, "टीवी न्हवं गो. टीवी आपल्याला दाखवतो. ह्याला आपण दाखवायचं." मग माझ्याकडे वळून त्याने पहिल्यांदा खरं कारण सांगितलं, आणि मी जो दातांत हसू दाबून बसलो होतो त्याचं हसू तिथेच जिरलं.

सहा महिन्यांपूर्वी राहेलमावशीला अर्धांगाचा झटका आला होता, हे मला माहीत होतं. उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा चालतो, हेही ठाऊक होतं. पण तिच्या तोंडात एकच शब्द उरलाय हे मामाने कोणाला सांगितलं नव्हतं. तो शब्द म्हणजे 'व्हय'. बाय, चहा हवा? व्हय. नको? व्हय. पंखा लावू? व्हय. थंडी वाजते? व्हय. मानही हो-नाही कशालाही तशीच हलायची. पाटीवर लिहून बघितलं, जमेना. डॉक्टर म्हणाले, समजतं तिला सगळं, बाहेर येत नाही. "आतून पंप चालू हाय," मामा म्हणाला, "चुकीच्या टाकीत जातोय एवढंच. चित्रं मांडू काचेवर. तिनं बोट लावावं, काचेनं सांगावं."

मी म्हटलं, कागदावर चित्रं काढून दिली तरी चालतील की.

"दिली. तिचं बोट थरथरतं. चहावर हाय का पाण्यावर, मला कळत नाय. मी माझ्या मनाचं वाचतो. मला काचेकडनं हवंय. काच माझ्या मनाचं वाचत नाय."

आणि घाईचं कारण वेगळंच होतं. इस्रायलला गेलेला धाकटा भाऊ मुसा दर रविवारी पेणच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. त्याचं म्हणणं होतं, बायला माझ्याकडे पाठव. इथे मोठं इस्पितळ आहे, नातवंडं आहेत, दिवाळीच्या सुमारास मी न्यायला येतो. वाटलं तर तूही ये. मामा म्हणाला, "तिला तिथं बरं पडंल, खोटं कशाला बोलू. मला तिथं कोण इचारणार? भाषा नाय, दोस्त नाय, पॅसेंजर नाय. पण तिच्या मनात असंल तर मी आड येणार नाय. फक्त तिनं सांगाया हवं. 'व्हय'वर मी तिला इमानात बसवणार नाय." एवढं बोलून तो हमरापूर जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

आता माझ्या अंगात आलं. अहो, तेव्हा पेणमध्ये कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून आत जायची वस्तू. आणि इथे आम्ही दोघं, एका कौलारू घराच्या ओटीवर, त्याच्या पडद्यावर काच बसवून त्याचं पोट उघडून बसलो. कॉम्प्युटरला काचेची ओळख करून देणारी फ्लॉपी केव्हाच हरवलेली. विंडोजला काच दाखवली, त्याने ओळखच दिली नाही. एका मासिकावर चिकटवलेली सीडी माझ्याकडे होती, त्यात लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारं, फुकटचं. ते चढवायला दोन रविवार गेले. ओळख लिनक्सनेही दिली नाही, पण त्याचं दार उघडं होतं. काचेच्या वायरीतून जे काय येतंय ते जसंच्या तसं पडद्यावर ओतून बघायची सोय होती. मी ओळ टाइप केली, मामाने काचेला बोट लावलं, आणि पडद्यावर आकड्यांची सर धावली.

मामाने बोट उचललं. सर थांबली. परत लावलं, परत धावली. "बोलतेय, भाच्या," तो कुजबुजला. "ही बोलतेय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आत धावत जाऊन त्याने मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या सरीतून अर्थ वेचला. पहिला आकडा म्हणजे बोट उतरलं. मग दोन आकडे, आडवी जागा आणि उभी जागा. बोट सरकत असेल तर तेच पुन्हा पुन्हा. शेवटचा म्हणजे बोट उठलं. उतरलं, सरकलं, उठलं. मामा भाकरी खातानाही ते पुटपुटायचा.

मग जागा जुळवायची भानगड. काचेचे आकडे शून्यापासून चार हजारांपर्यंत, पडद्याचे ठिपके आडवे फक्त सहाशे चाळीस. मी वहीत गणित मांडू लागलो तर मामाने पेन्सिल काढून घेतली. "काचेचं टिकीट पनवेल ते रोहा. पडद्याचं पण पनवेल ते रोहा. काच मोजते फर्लांगात, पडदा मोजतो ठेसनात. फर्लांगाचं ठेसन करायचं, झालं." डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. मी तसाच प्रोग्रॅम लिहिला. चालवला. बोट पनवेलला टेकवलं, बाण रोह्याला. बोट उजवीकडे सरकवलं, बाण वर चढला. मामा इतका हसला की ओटीवरून पडायचा बाकी राहिला. कंपनीतल्या फिटरने काच तिच्या चौकटीत कधीतरी आडवी बसवली होती. आडव्याचं उभं केलं, वरचं खाली केलं, आणि बाण मुकाट्याने बोटाखाली येऊन बसला.

तरी बारीक चूक उरायची, म्हणून पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार फुल्या यायच्या. प्रत्येक फुलीवर बोट टेकवायचं आणि काच किती चुकते ते बघून तेवढी दुरुस्ती करायची. इथून सुरू झालं ते बोटांचं वेड. मामाच्या लक्षात आलं की काच जेवढी चुकते तेवढाच माणूसही चुकतो. उंच माणूस खाली दाबतो, घाईतला माणूस डावीकडे. त्याने वही घातली. आल्यागेल्याला फुल्या दाबायला लावायच्या, नाव लिहायचं आणि पुढे चूक लिहायची. सरपंच, दोन ठिपके खाली. पोस्टमन, तीन डावीकडे. मी, पाच खाली आणि दोन उजवीकडे. "इंजिनेर," तो म्हणाला, आणि वही मिटली.

वहीत फक्त एका नावापुढे शून्य होतं. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे काका होते. मूर्ती कोणीही रंगवेल, डोळे मात्र तेच काढणार. त्यांना आम्ही फुल्या दाबायला आणलं. चार फुल्या, चारही वेळा शून्य. मामाने चार-चारदा करून घेतलं, तरी शून्य. मग त्याने त्यांचं बोट दोन्ही हातांत धरून विचारलं, "कसं वो?"

काका म्हणाले, "मी हाताकडं बघतच नाय. डोळा काढताना ब्रशकडं बघितलं की चुकतो. मूर्ती कुठं बघतेय ते बघायचं. हात आपसूक जातो."

मामाने मान डोलावली, मीही डोलावली, आणि दोघांनाही त्यातलं काही समजलं नाही.

अखेर मावशीला काचेसमोर बसवलं. काळी पार्श्वभूमी, तिच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. त्यावर चार मोठी चित्रं, चहा, पाणी, पंखा, खिडकी. चित्रावर बोट पडलं की ते मोठं व्हायचं आणि घंटी वाजायची. मामा तिच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर वही घेऊन बसला. मावशीचं डावं बोट थरथरत चहावर आलं. घंटी वाजली. आणि वाजतच राहिली. थरथरणारं बोट काचेला क्षणात दहादा उतरून दहादा उठत होतं, आणि काचेच्या हिशेबाने मावशीने चाळीस चहा मागितले होते.

"चाळीस तर चाळीस," म्हणून मामा चूल पेटवायला निघाला होता, मीच थांबवलं. मग आम्ही काचेला दम धरायला शिकवलं. बोट उतरलं तरी लगेच बोलायचं नाही. ते पुरतं शांत होऊ द्यायचं, मधल्या सगळ्या जागांची सरासरी काढायची आणि मग एकदाच घंटी. "आजाऱ्याच्या बोटाला घाई करायची नाय," मामाने काचेला बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने एक चहा मागितला, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा तिला हवा तेव्हा तिला चहा मिळाला. कप मामाने स्वतः तिच्या तोंडाला लावला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण खऱ्या प्रश्नाशी आम्ही अजून आलोच नव्हतो. चार चित्रं काढून मी तिथे दोन टाकली. डावीकडे विमान, उजवीकडे कौलारू घर. मामाने तिला सावकाश समजावलं. "बाय गो, मुसा न्यायला येतोय. जायचं तर हितं बोट लाव. ऱ्हायचं तर हितं." मावशीने बोट उचललं आणि काचेवर टेकवलं. विमानावरही नाही आणि घरावरही नाही. वर, उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं.

"चूक," मामाने वहीत लिहिलं. "वर आन उजवीकडं." आणि दुरुस्ती केली.

परत विचारलं. परत कोपरा. चूक. परत दुरुस्ती. महिनाभर हे चाललं. मी नवा कोड लिहायचा, त्याने नव्या फुल्या दाबायच्या, आणि मावशीचं बोट त्याच कोपऱ्यात जायचं. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या चढून शेवटी असं झालं की तिने चहा दाबला की पंखा यायचा. ऐन थंडीत एका सकाळी ती पंख्याखाली कुडकुडत बसलेली मला सापडली, आणि मामा समोर डोकं धरून. "तिचं बोट गेलं कामातनं," तो म्हणाला. "नायतर माझी काच गेली. कुठलंतरी एक गेलंय." दिवाळी केव्हाच होऊन गेली होती, मुसाने तारीख पुढे ढकलली होती, आणि आता शेवटचं बजावलं होतं, की येत्या रविवारी फोनवर काय ते सांग, नाहीतर मी येतो आणि घेऊन जातो.

त्या शुक्रवारी मामा पेणला माझ्याकडे आला. पाणी प्यायला, बसला, उठला, दारापाशी गेला. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी तो दिव्याचं बटण दाबत नाही, पेन्सिल हातात धरत नाही, काचेला बोट लावायचं तर नावच नको. दुसऱ्याला कर म्हणूनही सांगत नाही. "मी काय तुला ये म्हणत नाय," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "शनवारी आमच्या दाराला कडी नसते, एवढंच सांगतो. आन कॉम्प्युटर मी आज दिवस मावळायच्या आत चालू करून ठेवणार हाय, तो तसाच ऱ्हाणार. कशाला, ते मी बोललेलो नाय."

शनिवारी सकाळच्या गाडीने मी जित्याला उतरलो. त्यांच्या चौकटीला लावलेल्या छोट्या डबीला बोट लावून ते बोट ओठांना लावायची त्यांची रीत. दारात पोचलो तेव्हा मामा मावशीचं बोट हातात धरून त्या डबीपर्यंत नेत होता, तिचा हात तिथवर पोचत नसे म्हणून. मग तिला खुर्चीत बसवून तो ओटीवर गेला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. हात मोकळे राहिले तर आपसूक काचेकडे जातील, अशी त्याला भीती.

मी सगळ्या दुरुस्त्या पुसल्या. कोऱ्या काचेवर चार फुल्या माझ्या बोटाने दाबल्या. स्टुलावर बसलो. मावशी, चहा दाखव. बोट चहावर. पाणी? पाण्यावर. खिडकी? खिडकीवर. एकही चूक नाही. मी इतका हरखलो की तिथूनच मामाला ओरडून सांगितलं. ओटीवरून आवाज आला, "इमान इचार."

विमान आणि घर टाकलं. विचारलं. मावशीने बोट उचललं, काचेकडे नीट बघितलं, आणि परत मांडीवर ठेवलं. परत विचारलं. तिने काचेकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे, मग ओटीच्या दाराकडे. "व्हय," म्हणाली.

कोपरासुद्धा नाही. मला कळेना. मी उठलो. "मामा, तू आत ये. काचेला हात लावू नको, फक्त जागेवर बस."

तो आला आणि तिच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर बसला. मी विचारलं. मावशीचं बोट थरथरत उठलं आणि सरळ वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलं.

"बघ," मामा हताश होऊन म्हणाला. "चूक."

मी आकडे बघायला वाकलो, आणि कोण जाणे कसे, मला ते आखणीवाले काका आठवले. हाताकडे बघू नका. महिनाभर आम्ही दोघं त्या बोटाकडे आणि आकड्यांकडे बघत होतो. मी पहिल्यांदा मावशीच्या मागे जाऊन, तिच्या डोळ्यांच्या रेषेत माझे डोळे आणले.

काळ्या काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, एलोजीमामाचा चेहरा दिसत होता. जाड चष्मा, पांढरी दाढी, सगळं स्वच्छ. मावशीचं बोट त्याच्या गालावर होतं.

"मामा," मी म्हटलं, "जरा डावीकडे सरक."

"कशाला?"

"सरक तर."

तो सरकला. बोट डावीकडे सरकलं. मी म्हटलं उभा राहा. तो उठला, आणि बोट काचेवरून वर वर जात चौकटीपर्यंत गेलं, आणि तिथे थांबलं. मी त्याला हाताला धरून माझ्या जागी आणलं आणि मी त्याच्या स्टुलावर बसलो. त्याने बघितलं. कोपऱ्यात माझा चेहरा होता आणि मावशीचं बोट खाली आलं होतं.

तीस वर्षं मीटर लावलेला माणूस. त्याला समजवायला लागलं नाही. तो तिच्या खुर्चीसमोर खाली जमिनीवर बसला.

"महिनाभर," तो म्हणाला. "महिनाभर ती सांगत व्हती आन मी तिच्या बोटापुढं चूक लिवत व्हतो. बोट बरोबर व्हतं, भाच्या. बाणच चुकीचा शोधत बसलो." मग तिच्याकडे वर बघून त्याने विचारलं, "बाय गो, मी जिथं, तिथं?"

"व्हय," मावशी म्हणाली.

"मी नाय गेलो तर तू पण नाय?"

"व्हय."

मामा चष्मा काढून हसायला लागला, डोळे पुसत पुसत. ह्या 'व्हय'ला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. पण काचेचा पुरावा होता. त्याने तिचं ते बोट हातात घेतलं. पेर दाबलं नाही, नख बघितलं नाही. नुसतं धरून बसला.

संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर, शब्बाथ सुटल्यावर, त्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर वही काढली. राहेलबाय या नावापुढे महिन्याभराच्या ओळी होत्या, प्रत्येकीत चूक. एकेक ओळ त्याने पेन्सिलीने खोडली आणि खाली एकच आकडा लिहिला. शून्य. वहीतलं दुसरं शून्य.

रविवारी बूथवरून त्याने मुसाला सांगितलं, "बाय येत नाय. म्हंजे मी येत नाय, म्हणून ती येत नाय. तूच ये चार दिवस, चहा ती सोता मागवंल तुझ्यासाठी." पलीकडून मुसा बराच वेळ काहीतरी बोलत होता. मामा फक्त "व्हय, व्हय" करत होता.

परतताना मी त्याला म्हटलं, मामा, आता सोपं आहे. तुझा फोटो स्कॅन करून आणतो आणि त्या कोपऱ्यात पाचवं चित्र म्हणून टाकतो. तिने बोट लावलं की घंटी वाजेल, तू असशील तिथून येशील. मला माझीच कल्पना भारी आवडली होती.

मामा स्टेशनच्या बाकापाशी थांबला.

"नको. कोपरा रिकामा ठेव."

"का?"

"फोटो टाकलास तर मी नसलो तरी तिला मी दिसणार. तसं नको. मी बसलो असलो तरच दिसाया हवा."

गाडी आली तेव्हा तो चढता चढता म्हणाला, "मला घाईनं परत जाया हवं. स्टूल रिकामं हाय."